विहिरीकाठी झेंडू लावावा की मारवेल? इंदूर परिसरातील शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तर

देपालपूर, सांवेर आणि महू भागातील मराठी शेतकरी बंधू-भगिनींनी विचारलेले प्रश्न वरवर वेगळे दिसत असले, तरी त्यांचा रोख एकच आहे. विहिरीलगतची एक-दीड एकर जमीन सोयाबीनमधून मोकळी करावयाची असून, तीत दसरा-दिवाळीच्या बाजारासाठी झेंडू लावावा की घरच्या म्हशींसाठी मारवेल गवत करावे, गवताला फुलझाडाइतकी निगा लागते काय, आणि दोन्ही घ्यावयाची झाल्यास कोणते कोठे घ्यावे, असे आपण विचारले आहे.

पहिली सूचना अशी की, केवळ भावाकडे पाहून हा निर्णय घेऊ नये. झेंडूची तोडणी सुरू झाली की ती दर तीन-चार दिवसांनी, सकाळी ऊन चढण्यापूर्वी करावी लागते; नेमक्या त्याच काळात सोयाबीनची काढणी चालू असते आणि गावात मजूर मिळत नाहीत. ज्या घरात तोडणीसाठी चार माणसे हक्काने उपलब्ध आहेत, त्या घराने झेंडू जरूर करावा. ज्यांचे मनुष्यबळ कमी पण जनावरे अधिक आहेत, त्यांनी शेजाऱ्याला एका सणात मिळालेल्या पैशांवरून आपल्या शेताचा विचार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जमिनीबाबत दोन्ही पिकांचा स्वभाव परस्परविरुद्ध आहे. माळव्यातील काळी, चिकण माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि झेंडूच्या मुळांना ते सोसत नाही. पाणी साचलेल्या ठिकाणी मूळकूज होऊन हिरवी झाडे एकाएकी मान टाकतात, आणि त्यानंतर कोणतेही औषध ओतून फारसा उपयोग होत नाही. म्हणून खरिपातील झेंडू सपाट वाफ्यात न लावता उंच गादीवर किंवा वरंब्यावरच लावावा आणि शेताच्या खालच्या अंगाला चर काढून पाण्याला वाट करून द्यावी. मारवेल हे मात्र काळ्या जमिनीत मुळातच चांगले रुजणारे बहुवर्षीय गवत आहे. ते थोडा काळ साचलेले पाणी सहन करते, उन्हाळ्यात वाळल्यासारखे दिसते आणि पहिल्या पावसाबरोबर बुडख्यातून पुन्हा फुटते.

झेंडूच्या सरळ (संकरित नसलेल्या) वाणाचे बियाणे एकरी साधारण अर्धा किलो लागते. पुसा नारंगी आणि पुसा बसंती हे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे वाण परिचित आहेत. संकरित बियाणे महाग असल्याने ते ट्रेमध्ये कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) पेरणे परवडते. रोपे तीन ते चार आठवड्यांची झाल्यावर साठ बाय पंचेचाळीस सेंटिमीटर अंतरावर लावावीत. या अंतराने एकरात सुमारे १५,००० रोपे बसतात. बहुतेक संकरित वाण पुनर्लागवडीनंतर ५० ते ६० दिवसांत फुलू लागतात, त्यामुळे दसऱ्याची तारीख पंचांगात पाहून तिच्यापासून मागे दिवस मोजावेत आणि त्यानुसार रोपवाटिकेची तारीख ठरवावी. शेंडा खुडल्याने बगलफुटी वाढून फुलांची संख्या वाढते, परंतु बहर काही दिवस लांबतो, हेही त्या हिशेबात धरावे. पंधरवडाभर उशिरा लागवड झालेल्या शेतकऱ्याने दसरा गाठण्यासाठी खुडणी टाळलेली बरी.

खताच्या बाबतीत हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश हे प्रमाण आधाराला घेऊन माती परीक्षणानुसार त्यात फेरफार करावा. नत्राचा अर्धा हप्ता लागवडीच्या वेळी आणि उरलेला महिन्याभराने द्यावा. युरियाने झाड गडद हिरवे झाले म्हणजे पीक उत्तम आले, असे समजू नये. अशा शेतात पाला माजतो, फुले मागे राहतात आणि मऊ शेंड्यांवर मावा लवकर बसतो. चुनखडीयुक्त जमिनीत कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडत असतील, तर तो बहुधा लोहाचा अभाव असतो, नत्राचा नव्हे. पाऊस ओसरून हवा कोरडी झाली की पानांच्या मागे लाल कोळी येते. पाने धुरकट दिसू लागताच पानाची खालची बाजू भिंगाने पाहावी आणि पाण्यात मिसळणारे गंधक डब्यावर छापलेल्या प्रमाणातच फवारावे. फवारणी झालेल्या शेतातील टाकाऊ फुले जनावरांपुढे टाकू नयेत. हे सांगावे लागते, कारण बाजार पडला की तसे सर्रास घडते.

आता गवताविषयी. ‘गवत तर माळावर आपोआप वाढते, मग त्याची निगा कसली’ असा एक प्रश्न आला आहे, आणि याच समजुतीमुळे मारवेलची बहुतेक लागवड पहिल्याच वर्षी फसते. मारवेलचे बी हलके व कुसळदार असून ताज्या बियांची उगवण कमी होते, म्हणून मागील हंगामातील बी वापरावे. ते ओलसर वाळूत चोळून एकरी दीड ते दोन किलो या प्रमाणात वर-वर पेरावे आणि त्यावर एक सेंटिमीटरपेक्षा अधिक माती येऊ देऊ नये. सोयाबीनच्या पेरणीयंत्राने, त्याच खोलीवर हे बी पेरले तर ते उगवून वर येणे कठीण असते. माझा स्वतःचा कल ठोंब, म्हणजे जुन्या गवतातून मुळांसह वेगळे केलेले फुटवे, लावण्याकडे आहे. पन्नास बाय पन्नास सेंटिमीटर अंतराने एकरी सुमारे १६,००० ठोंब लागतात, मजुरीही अधिक होते, पण जूनअखेरच्या पावसात लावलेले ठोंब तणाच्या पुढे जातात. पहिल्या महिनाभरात एक खुरपणी मात्र चुकवू नये, अन्यथा गाजरगवत त्या जागेचा ताबा घेते.

लागवडीच्या वर्षी गवतात जनावरे सोडू नयेत, कारण कोवळे ठोंब ओल्या जमिनीतून मुळासकट उपटले जातात. पहिली कापणी अडीच-तीन महिन्यांनी करावी. पुढील वर्षांपासून सुमारे निम्मे पीक फुलोऱ्यात आले की कापावे आणि जमिनीपासून दहा-बारा सेंटिमीटर खुंट राखावा, कारण पुढची फूट त्या बुडख्यातील डोळ्यांतून व साठ्यातून येते. अगदी जमिनीलगत कापून एका वेळी दोन भारे अधिक मिळतात आणि पुढची कापणी कमी पडते. उलट, गवत उभे राखून दिवाळीनंतर कापल्यास ढीग मोठा दिसतो, पण त्यातील प्रथिने फार घटलेली असतात व त्यावर म्हशीचे दूध टिकत नाही. कोरडवाहू मारवेलला एकरी सुमारे ३५ किलो युरिया पुरतो. तो दोन हप्त्यांत, जमिनीत ओल असताना द्यावा.

दोन्ही पिके घ्यावयाची असतील, तर विहिरीजवळचा उंच, उघडा व निचऱ्याचा तुकडा झेंडूस द्यावा आणि उतार, बांध व नाल्याकाठची जागा मारवेलला द्यावी. तेथे ते माती धरून ठेवते आणि विहिरीच्या पाण्यावर त्याचा भारही पडत नाही. प्रथमच झेंडू करणाऱ्याने पंधरा-वीस गुंठ्यांपलीकडे जाऊ नये. टोमॅटो घेणाऱ्यांसाठी झेंडूचा आणखी एक उपयोग आहे: टोमॅटोच्या दर चौदा-सोळा ओळींनंतर झेंडूची एक ओळ लावल्यास फळ पोखरणारी अळी अंडी घालण्यासाठी झेंडूकडे वळते. मात्र टोमॅटोची रोपे पंचवीस दिवसांची असताना झेंडूची रोपे चाळीस दिवसांची हवीत, म्हणजे दोन्ही एकाच वेळी फुलतात. शिवाय दाट लावलेल्या झेंडूच्या मुळांतील द्रव्यांमुळे मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना आळा बसतो.

हंगामानंतर उरणारी झेंडूची झाडे आणि जनावरांनी टाकलेले गवत जाळू नये. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात आपल्याच इंदुरात काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून, ठरावीक काळाने ते उलटून, सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची जी पद्धत बसवली, ती आजही इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते. मूळकूज झालेली झाडे मात्र या ढिगात न घालता शेताबाहेर नष्ट करावीत.

ज्यांनी अद्याप माती तपासलेली नाही, त्यांनी उन्हाळी नांगरटीपूर्वी शेतातील आठ-दहा जागांवरून पंधरा सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती घेऊन, ती एकत्र मिसळून, सावलीत वाळवून अर्धा किलोचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा. विहिरीलगतच्या आणि उतारावरच्या जमिनीचे नमुने वेगवेगळे ठेवावेत.