कोचीत क्रूझ थांबणार आणि दिवसभर पाऊस असेल, तर काय पाहावे?

जळगावहून वयस्कर आईवडिलांना घेऊन निघालेल्या आपल्यासारख्या कुटुंबाने सहा तासांच्या मुक्कामात फोर्ट कोचीचा किनारा वगळून थेट रिक्षाने मट्टनचेरी गाठावे, कारण तेथील राजवाडा आणि परदेशी सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) अगदी शेजारी असून दोन्ही छताखाली पाहता येतात. पोर्तुगीजांनी १५५५च्या सुमारास बांधलेल्या आणि पुढे डचांनी दुरुस्त केलेल्या या राजवाड्याच्या शयनगृहात भिंतभर रामायण रंगवलेले आहे. तेथे घाई करू नये. १५६८च्या सिनेगॉगमध्ये अनवाणी जावे लागते, त्यामुळे निळ्या चिनी फरशांचा गारवा तळव्यांना जाणवतो. वेळ उरल्यास सेंट फ्रान्सिस चर्च पाहावे, जेथे वास्को द गामाला १५२४मध्ये पुरले होते. किनाऱ्यावरची मासेमारीची चिनी जाळी मात्र पावसात पाहण्यात फारसा अर्थ नाही. हे मी ऑक्टोबरमधील स्वतःच्या फेरीवरून सांगतो आहे. आपल्या खान्देशातील सरीच्या हिशेबाने छत्री नेली आणि गुडघ्यांपर्यंत भिजलो, म्हणून रेनकोटच न्यावा. एक अडचण ध्यानात ठेवावी: राजवाडा शुक्रवारी आणि सिनेगॉग शनिवारी बंद असते, तेव्हा जहाज कोणत्या वारी लागते ते तिकिटावर आधी पाहावे.