कातकरी वाड्यांतील अर्भकमृत्युदर कमी निघाला, तर विश्लेषणाआधी यादी तपासावी

आपण लिहिले आहे की, पदव्युत्तर प्रबंधासाठी रायगड जिल्ह्यातील दोन प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रातील कुटुंबांची पाहणी आपण केली, आणि तीत कातकरी कुटुंबांतील अर्भकमृत्युदर (दर हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी बाळे) ठाकूर या दुसऱ्या आदिवासी समाजातील व बिगर-आदिवासी कुटुंबांपेक्षा कमी निघाला. मार्गदर्शकांनी यामागचे ‘संरक्षक घटक’, म्हणजे बाळांना वाचवणाऱ्या गोष्टी, शोधण्यास सुचवले आहे, आणि आईचे शिक्षण व घरची सांपत्तिक स्थिती हिशेबात धरून विश्लेषण कोणत्या संगणक-प्रणालीवर करावे, असा आपला प्रश्न आहे. प्रणालीबद्दल इथले इतर सदस्य माझ्यापेक्षा चांगले सांगतील. मी उत्तर लिहायला घेतले ते वेगळ्या कारणाने: साधारण पंधरा वर्षांपूर्वी नेमका असाच तक्ता माझ्या हाती आला होता, मी त्यावर विश्वास ठेवला, आणि त्याची किंमत मला नव्हे, इतरांना मोजावी लागली.

आधीच सांगते की मी संख्याशास्त्रज्ञ नाही. समाजकार्यातून या क्षेत्रात आले, आणि माझा अनुभव मुख्यतः कोकणातील एका डोंगराळ तालुक्याचा आहे. आपले क्षेत्र वेगळे असेल, नियमही तेव्हापासून बदलले आहेत, आणि अंतिम निर्णय आपल्या मार्गदर्शकांचा व आचार-समितीचा आहे. तरीही दर, आकडे आणि आलेख यांकडे वळण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा अशी विनंती आहे: आपली पाहणी कोणत्या महिन्यात झाली, आणि बंद घरांचे आपण काय केले?

माझी पाहणी जानेवारी-फेब्रुवारीत झाली. पावसाळा संपताच जाण्याची माझी इच्छा होती, पण परवानगीचे पत्र ज्या कार्यालयातून यायचे होते तिथे अर्ज चार महिने पडून राहिला. कधी साहेब दौऱ्यावर असत, कधी फाईल दुसऱ्या टेबलावर गेलेली असे. डिसेंबरच्या शेवटी पत्र मिळाले आणि त्यासोबत कुटुंबांची यादी मिळाली. यादी गावनिहाय होती. वाडीनिहाय मागितली, तेव्हा वाड्या हे महसुली गाव नसल्यामुळे अशी यादी ठेवली जात नाही, असे उत्तर मिळाले. कातकरी वाडी बहुतेक वेळा मूळ गावठाणाबाहेर, ओढ्याच्या काठाला किंवा कोणाच्या तरी खासगी जमिनीवर असते, हे मला ठाऊक होते. यादीतील पन्नास घरांपैकी वाडीवरची किती, हे विचारून घेणे माझे काम होते. मी ते केले नाही, कारण आणखी महिनाभर त्या कार्यालयाच्या फेऱ्या मारण्याचे बळ माझ्यात उरले नव्हते.

खरी चूक त्यापुढची आहे. माझ्या पाहणीच्या नियमावलीत एक वाक्य होते: निवडलेले घर बंद आढळल्यास त्याऐवजी शेजारचे उघडे घर घ्यावे. हे वाक्य मी एका जुन्या पाहणीवरून उचलले होते आणि नमुन्याची संख्या पूर्ण व्हावी एवढाच त्यामागे विचार होता. कातकरी वाडीवर जानेवारीत दहापैकी सहा-सात घरांना कुलूप किंवा काटेरी कुंपण घातलेले असते, कारण दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर किंवा कोळसाभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. माझे सहकारी नियम पाळून बंद घर सोडत गेले आणि उघडे घर घेत गेले. त्या मोसमात कोणाचे घर उघडे असते? ज्याने भट्टीमालकाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली नाही त्याचे. ज्याच्याकडे थोडी दळीजमीन (कसायला मिळालेली वनजमीन) आहे, आश्रमशाळेत किंवा वनखात्यात कोणाला काम आहे, किंवा मुलगा जवळच्या कारखान्यात जातो, त्याचे. म्हणजे वाडीतील त्यातल्या त्यात स्थिर घरांना मी ‘कातकरी समाज’ असे नाव दिले आणि त्यांचा दर ठाकूर वाड्यांशी ताडून पाहिला. दर कमी निघाला यात नवल नव्हते. नवल याचे वाटायला हवे होते की मला त्यात काही खटकले नाही.

यात किती फरक पडू शकतो ते एका काल्पनिक हिशेबाने दाखवते. समजा एका क्षेत्रात 1000 जन्म झाले. त्यांपैकी 800 बाळे आपल्या यादीतील घरांत जन्मली आणि त्यांतील 24 दगावली. उरलेली 200 बंद घरांतील होती आणि त्यांतील 16 दगावली. आपल्याला दिसणारा दर हजारी 30, खरा दर हजारी 40, आणि सुटलेल्या घरांतील दर हजारी 80 आहे. यादीत नसलेली घरे जर इतरांसारखीच असती, तर 200 जन्म सुटूनही दर तोच राहिला असता. पण ज्या कारणाने ते घर यादीतून सुटते, त्याच कारणाने तिथले बाळ दगावण्याची शक्यता वाढते. हा दोष कोणत्याही संगणक-प्रणालीत आईचे शिक्षण व सांपत्तिक स्थिती घालून निघत नाही, कारण जी आई तक्त्यातच नाही तिचे शिक्षण कोणत्या रकान्यात घालणार?

मला हे कळले जूनमध्ये, आणि तेही योगायोगाने. पहिल्या पावसानंतर एका वाडीवर पाहणीचे निष्कर्ष सांगायला गेले असता तिथल्या एका वयस्क सुईणीने ऐकून घेतले आणि म्हणाली, “बाई, तुम्ही आलात तेव्हा आम्ही भट्टीवर होतो. तिकडं दोन पोरं गेली. ती कुठं लिहिली?” त्या दोन बाळांची नोंद मी शोधायला निघाले. मूळ तालुक्यातील कार्यालय म्हणाले की मृत्यू आमच्या हद्दीत झाला नाही. भट्टीच्या तालुक्यातील कार्यालय म्हणाले की ती माणसे आमची रहिवासी नाहीत. कायद्याने जन्म आणि मृत्यू जिथे घडतो तिथे, 21 दिवसांच्या आत नोंदवायचा असतो. पण भट्टीवरचे बाळ जन्मले झोपडीत, गेले झोपडीत आणि पुरले गेले जवळच्या माळावर. त्याचा जन्मही कुठे नव्हता आणि मृत्यूही नव्हता. दराच्या वरच्या आकड्यातून, म्हणजे मृत्यूंतून, ते गेले आणि खालच्या आकड्यातूनही, म्हणजे जन्मांतूनही, गेले.

मी दुरुस्तीचे पत्र लिहिले. तोपर्यंत माझ्या अहवालातील एक वाक्य, ‘कातकरी वस्त्यांमध्ये स्वतंत्र उपाययोजनेची निकड आढळत नाही’, त्या कार्यालयाच्या टिपणीत उतरले होते आणि वाड्यांसाठी फिरत्या पथकाची मागणी त्याच आधाराने बाजूला ठेवली गेली होती. माझ्या पत्राला उत्तर आले नाही. दोनदा स्मरणपत्र दिले, स्वतः जाऊन भेटले. अहवाल स्वीकृत झाला आहे, आता त्यात बदल करता येत नाही, एवढेच ऐकायला मिळाले. आवक क्रमांकाचा शिक्का असलेली त्या पत्राची प्रत माझ्याकडे अजून आहे. चार महिने परवानगी अडवणाऱ्या कार्यालयाला माझे चुकीचे वाक्य उचलायला चार आठवडेही लागले नाहीत, याचा राग मला आजही येतो. पण वाक्य माझे होते.

म्हणून ‘संरक्षक घटक’ या शब्दापाशी मी आपल्याला थांबवू इच्छिते. उपाशीपोटी राहणाऱ्या, बेघर होणाऱ्या समाजात मृत्यू कमी दिसले की त्यामागे एखादी परंपरा, एखादी वनौषधी किंवा स्तनपानाची पद्धत शोधण्याचा मोह होतो. तसे काही असणे अशक्य नाही. पण तो शोध शेवटचा असावा, आधी मोजणी.

मोजणी कशी करावी याचा आदर्श महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बालकांच्या घरगुती काळजीचा जो प्रयोग केला, तो 39 गावांत, आणि तुलनेसाठी 47 गावे ठेवून झाला. 1999 मध्ये तो प्रसिद्ध झाल्यावर नवजात मृत्युदर (पहिल्या 28 दिवसांतील मृत्यूंचा दर) 62 टक्क्यांनी घटल्याचा आकडा सर्वांच्या लक्षात राहिला. माझ्या मते त्याहून शिकण्यासारखी गोष्ट तुलनेच्या गावांतील मोजणी आहे: जिथे उपचार द्यायचे नव्हते तिथलाही प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू तितक्याच निष्ठेने नोंदवावा लागला, नाहीतर घट किती झाली हे सांगताच आले नसते. पुढे 2001 मध्ये राज्याच्या निरनिराळ्या भागांतील संस्थांनी मिळून बालमृत्यू मोजले, तेव्हा सरकारी नोंदींतून किती मृत्यू सुटतात हे उघड झाले, आणि शासनाला मूल्यमापन समिती नेमावी लागली. ते मृत्यू त्याआधीही होत होते. फक्त कोणी मोजत नव्हते.

लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांचा 1967 मध्ये सुरू झालेला व्हाइटहॉल अभ्यास आपण वाचलाच असेल. सर्वांना पगार, सर्वांना मोफत आरोग्यसेवा, आणि तरीही तळच्या श्रेणीतील पुरुषांचा मृत्युदर सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट, हा मायकेल मार्मट यांच्या त्या कामाचा निष्कर्ष आपण नेहमी उद्धृत करतो. तो निष्कर्ष निघू शकला कारण शिपायाचा मृत्यू आणि सचिवाचा मृत्यू एकाच राष्ट्रीय नोंदणीतून, सारख्याच खात्रीने कळत होता. आपल्याकडे श्रेणी उतरत जावी तशी नोंदही विरळ होत जाते. म्हणून तिथली विश्लेषणाची पद्धत इथे जशीच्या तशी आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आपल्या कामाविषयी. शक्य असेल तर जूनच्या शेवटी किंवा जुलैत पुन्हा जा, वाटेने हाल होतील तरी जा. कार्यालयाची यादी घ्या, पण वाडीवर बसून, चार बायका आणि दोन पुरुष जमवून, घर न घर मातीवर रेखून स्वतःची यादी करा आणि मग दोन्ही ताडून पाहा. बंद घराला दुसरे घर पर्याय म्हणून कधीही घेऊ नका; बंद घर हीच एक नोंद आहे, आणि ते कुठे गेले, केव्हा येतील, किती उचल घेतली, हे शेजाऱ्यांकडून कळते. ‘अनुसूचित जमाती’ हा एकच रकाना ठेवून ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी यांना त्यात कोंबू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या प्रसिद्ध अहवालांत तसा एकच रकाना असतो, आणि म्हणूनच त्यांतून आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

बाईला ‘तुमचे मूल वारले का’ असे थेट विचारू नये. किती वेळा दिवस गेले तिथून सुरुवात करावी, प्रत्येक खेपेचे काय झाले ते क्रमाने विचारावे, आणि तारखा होळी, गणपती, भट्टीवर जाण्याआधी की आल्यावर, अशा खुणांनी लावाव्यात. ‘मेलेलेच जन्मले’ असे उत्तर आले तर बाळ रडले होते का, हातपाय हलवले होते का, श्वास घेतला होता का, हे हळुवारपणे विचारावे; पहिल्या तासातले कितीतरी मृत्यू उपजत मृत म्हणून लिहिले जातात. यात आशाताईंना दोष देऊ नका. मृत्यू कळवला की चौकशी आणि बोलणी त्यांनाच खावी लागतात, हे मी पाहिले आहे. त्याच कारणाने आपली नावानिशी यादी कोणत्याही कार्यालयाला देऊ नये. मागितली तरी सांकेतिक क्रमांकांचीच द्यावी.

एक छोटी तांत्रिक गोष्ट. एका आरोग्य केंद्राच्या क्षेत्रात वर्षाला 400 जन्म आणि 16 अर्भकमृत्यू धरले तर दर हजारी 40 येतो. पण एवढ्या लहान आकड्यांत निव्वळ योगायोगाने तो 23 ते 65 यांमध्ये कुठेही असू शकतो. तीन वर्षांच्या नोंदी एकत्र करूनही वाडीनिहाय दर काढू नका. मृत्यूंची संख्या द्या आणि प्रत्येक मृत्यूची हकीकत द्या.

त्या हकीकतीत कारण कुठे थांबवायचे हे ठरवावे लागेल. ‘कमी वजन’, ‘न्यूमोनिया’, ‘जुलाब’ हे एका बाळाचे कारण आहे. कातकरी बाळेच का, याचे कारण शोधायचे तर सातव्या महिन्यापर्यंत विटा वाहणाऱ्या आईपर्यंत जावे लागते, तिथून गणपती-दिवाळीच्या सुमारास घेतलेल्या उचलीपर्यंत, आणि तिथून जमीन नावावर नसलेल्या वाडीपर्यंत. ज्या समाजाचे नावच कात पाडण्याच्या धंद्यावरून पडले, त्याचा जंगलावरचा हक्क इंग्रजांच्या काळातील जंगल कायद्यांनी आवळला, हे प्रबंधात लिहिले तर परीक्षक कदाचित ‘विषयांतर’ असा शेरा मारतील. तो शेरा सोसावा, पण तो भाग काढू नये असे मला वाटते.

आपल्या तक्त्यात बंद घरांची संख्या असेल तर ती आज रात्रीच काढून पाहा, ठाकूर आणि कातकरी वेगवेगळी. कोरी प्रश्नावली पाठवली तर मी वाचून सूचना देईन. भरलेली, नावे असलेली, मात्र मला पाठवू नका.