मागचं डॅमेज आधी उचला

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं एकाच मुद्द्यावर होती : नोकरी सेल्सची आहे, नाव मात्र ‘मॅनेजमेंट ट्रेनी’. यात मॅनेजमेंट कुठे आहे? निवडक प्रश्नांची उत्तरं देतो आहे.

प्रश्न : बीबीए झालं. ‘सहा महिन्यांत ब्रँच मॅनेजर व्हा’ ही जाहिरात वाचून लातूरहून पुण्याला मुलाखतीला गेलो. दहा मिनिटांत निवड झाली. आता ट्रेनिंग किटचे साडेचार हजार रुपये आणि मूळ गुणपत्रिका मागताहेत. काम काय, ते मात्र कोणी नीट सांगत नाही. जाऊ का?

नका जाऊ. पैसे देऊ नका आणि मूळ कागद तर मुळीच हातातून सोडू नका. अशा ठिकाणी काय चालतं ते मी पाहिलं आहे. सकाळी टाळ्या आणि घोषणा, मग पिशवी खांद्याला लावून सोसायट्यांमधून दारोदार. पगार नाही, विकलं तर कमिशन. आणि ब्रँच मॅनेजर व्हायचं म्हणजे आपल्या हाताखाली आणखी पोरं आणून भरायची. माल विकण्यापेक्षा माणसं भरण्यावर पैसे मिळत असतील, तर अशा साखळी योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. डायरेक्ट सेलिंगच्या २०२१ च्या नियमांनीही पिरॅमिड योजनांना मनाई केली आहे.

दारोदार विक्रीला मी नावं ठेवत नाही. युरेका फोर्ब्सने व्हॅक्यूम क्लीनर आणि पाण्याचे फिल्टर घरोघरी जाऊनच विकले आणि त्यातून कितीतरी चांगले विक्रेते तयार झाले. पुढच्या वेळी एवढंच विचारा : ठरलेला पगार किती, पीएफ कापणार का, नेमणूकपत्र कधी देणार, आणि पहिल्या दिवशी मी कोणाबरोबर कुठे जायचं? शेवटच्या प्रश्नाला ज्याची जीभ अडखळते, त्याच्याकडे ट्रेनिंग नाही.

प्रश्न : बिस्किटं-नमकीनच्या कंपनीत सेल्स ट्रेनी आहे. चार महिने झाले, रोज सेल्समनबरोबर लातूरच्या गंजगोलाई बाजारात दुकानं फिरतो. माझा मित्र एसी ऑफिसात एक्सेल शिकतोय. मी मागे पडतोय का?

फिरताना तुम्ही काय बघता, त्यावर आहे. माझ्या पहिल्या महिन्यातलं एक दुकान अजून डोळ्यांसमोर आहे. मी नवीन स्कीम सांगायला तोंड उघडलं आणि शेटजींनी काउंटरखालून फुटलेल्या पुड्यांचा खोका काढून माझ्यासमोर ठेवला. ‘मागचं डॅमेज आधी उचला, मग बोला.’ सेल्समन खाली बघत होता. तीन महिन्यांचा क्लेम, म्हणजे खराब मालाची भरपाई, अडकला होता आणि त्या दुकानाचं बिल का कटत नाही, म्हणजे ते ऑर्डर का देत नाही, हे वर कोणालाच माहीत नव्हतं. मी खोका उचलला, पुड्या मोजल्या, क्लेमचा कागद भरला आणि रक्कम दुकानाच्या खात्यावर जमा होईपर्यंत पाठपुरावा केला. पुढच्या फेरीत त्यांनी न सांगता सात लाइनींची, म्हणजे सात वेगवेगळ्या मालांची, ऑर्डर दिली. दुकानदार नाही का म्हणतो, त्याचं मूळ शोधून वरपर्यंत न्यायचं. मॅनेजरचं निम्मं काम हेच असतं.

म्हणून रोज संध्याकाळी वहीत तीन गोष्टी लिहा : किती दुकानं केली, किती बिलं कटली, आणि ज्यांची कटली नाहीत त्यांनी काय कारण दिलं. तिसरा रकाना दोन महिने इमानदारीने भरा आणि तुमच्या एएसएमपुढे (एरिया सेल्स मॅनेजरपुढे) ठेवा. एक्सेल नंतर महिन्याभरात येईल.

प्रश्न : महिनाअखेर आली की साहेब म्हणतात, डिस्ट्रिब्यूटरकडे माल टाका, क्लोजिंग (महिन्याचं टार्गेट पूर्ण) झालं पाहिजे. आमचे काका (डिस्ट्रिब्यूटर) वडिलांच्या वयाचे आहेत. ‘पोरा, गोडाऊनला जागा नाही रे’ म्हणतात. टार्गेट सांभाळू की काका?

हा प्रश्न वाचून मी बराच वेळ थांबलो, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. त्यापायी एक चांगला डिस्ट्रिब्यूटर आमच्या हातून गेला.

काकांचा हिशोब कागदावर मांडून बघा. समजा त्यांची विक्री महिन्याला १० लाख आणि मार्जिन ५ टक्के, म्हणजे ५० हजार. टेम्पो, पोरांचा पगार, गोडाऊन भाडं मिळून ३० हजार गेले. उरले २० हजार, वर्षाचे २ लाख ४० हजार. आता पैसे किती अडकलेत? १५ दिवसांचा माल ५ लाख आणि बाजारात आठवड्याची उधारी साधारण २ लाख ३३ हजार. एकूण ७ लाख ३३ हजार. परतावा जवळजवळ ३३ टक्के. धंदा चांगला आहे. आता तुम्ही माल ढकलून साठा २५ दिवसांचा केलात. अडकलेली रक्कम झाली १० लाख ६६ हजार, नफा तेवढाच. परतावा साडेबावीस टक्क्यांवर आला. वर जुना माल एक्सपायरीकडे सरकतो आणि तीन महिन्यांनी तो क्लेम तुमच्याच डोक्यावर येतो.

साहेबांना भावनेचं कारण सांगू नका, हा कागद दाखवा. सोबत पर्याय न्या : कोणत्या बीटवर (ठरलेल्या फेरीच्या मार्गावर) कोणत्या दहा दुकानांनी माल घेणं थांबवलंय, ती पुन्हा सुरू केली तर किती विक्री निघेल. एखाद्या महिन्यात टार्गेट चुकेल, बोलणी बसतील. बसू द्या. काकांचा परतावा ज्याला तोंडपाठ आहे, तो ट्रेनी माझ्या लेखी मॅनेजर झालेला असतो.

प्रश्न : दोन वर्षांचा बाँड आहे, सोडलं तर दीड लाख. सही करू का?

बाँड म्हणजे कागदाचा तुकडा, असं मित्र सांगतील. त्यावर विसंबू नका. २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांची अट आणि दोन लाखांची भरपाई वैध ठरवली. तिथे प्रश्न सरकारी बँकेचा आणि तिच्या भरतीच्या खर्चाचा होता, हेही खरं. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार भरपाई वाजवी असावी लागते, त्यामुळे कंपनीने तुमच्यावर खरोखर काय खर्च केला, याला महत्त्व येतं. म्हणून ट्रेनिंग किती दिवस, कुठे, कोण देणार, हे सहीआधी लेखी मागा.

प्रश्न : कोल्हापुरात फील्ड सेल्सची ऑफर आहे. मी मुलगी, म्हणून घरचे नको म्हणतात. काय करू?

तुम्हाला काम आवडत असेल तर घ्या, पण आधी कंपनीला विचारा : महिन्याचा दौरा आधी मिळतो का, मुक्काम किती, हॉटेल कोण ठरवतं? कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामानिमित्त जिथे जाल ती जागाही येते; दुकान, गोडाऊन, प्रवास, सगळं. तक्रार समितीचा नंबर पहिल्याच दिवशी घ्या. आणि स्वच्छतागृहं कुठे आहेत, त्याची बीटनुसार यादी करा. माझ्या टीममधल्या मुली दिवसभर पाणीच पीत नव्हत्या, हे मला दोन वर्षं कळलं नव्हतं. त्याची खंत अजून आहे.

त्यांच्यातल्याच एकीने वडिलांना एक दिवस बीटवर नेलं होतं. दुपारपर्यंत ते मागे मागे चालले. संध्याकाळी डिस्ट्रिब्यूटरच्या गादीवर बसून चहा घेतला आणि मुलीची बिलं एकेक करून स्वतः मोजली. एकतीस भरली.