ग्राफ उंच, तरी क्लिक शून्य
वाचकांचे प्रश्न : ऑनलाइन व्हिडिओ

प्रश्न : पुरणपोळीच्या साडेनऊ मिनिटांच्या यूट्यूब व्हिडिओत रिटेन्शनचा (कोणत्या क्षणाला किती टक्के प्रेक्षक पाहताहेत याचा) ग्राफ जिथे सर्वांत उंच आहे, नेमकं तिथेच कटाच्या आमटीच्या व्हिडिओचं कार्ड (कोपऱ्यात येणारी, दुसऱ्या व्हिडिओकडे नेणारी पट्टी) टाकलं. क्लिक जवळजवळ नाहीतच. असं का? (सातारा)

उत्तर : त्या उंचवट्यावर काय चाललंय ते आधी बघा. बहुतेक तिथे डाळ-गुळाचं प्रमाण पडद्यावर असणार. प्रेक्षक व्हिडिओ मागे नेऊन तेवढंच पुन्हा पाहतो आणि ग्राफ ही प्रत्येक फेरी मोजतो. म्हणून तो कधी १०० टक्क्यांच्याही वर जातो. माणसं वाढलेली नसतात, तीच माणसं परत आलेली असतात. आणि एका हातात वाटी धरून प्रमाण वाचणारा कोपऱ्यातल्या कार्डाकडे कशाला बघेल?

कार्ड उंचवटा उतरल्यावर, पण पुढची घसरण सुरू होण्याआधी ठेवा. प्रमाण ३:१० ला संपत असेल आणि ४:०० पासून प्रेक्षक गळत असतील, तर ३:२५ ते ३:४० ही तुमची जागा. कार्डाची पट्टी जेमतेम काही सेकंद दिसते, म्हणून त्याच वेळी तोंडानेही सांगा : ‘कट टाकू नका, आमटीची कृती वर उजवीकडे आहे.’ एकेका सेकंदाने कार्ड पुढे-मागे करत बसू नका. यूट्यूबच्या एपीआयमधून (प्रोग्रामने आकडे मागवण्याची सोय) रिटेन्शनचे आकडे काढले तर व्हिडिओचे १०० भाग मिळतात. तुमच्या व्हिडिओत एक भाग ५.७ सेकंदांचा. त्याहून बारीक काही त्यात दिसत नाही.

घसरणीही दोन तऱ्हेच्या असतात. ग्राफ खाली जाऊन थोड्या वेळाने पुन्हा वर आला, तर लोकांनी तो तुकडा ओलांडला. पुरण शिजत असताना गप्पा मारल्या की हेच होतं. तिथलं कार्ड फुकट जातं. ग्राफ खाली जाऊन खालीच राहिला तर लोक निघून गेले. त्यांच्यासाठी कार्ड त्याआधीच हवं होतं.

टक्केवारीही जपून वाचा. समजा १०,००० व्ह्यूज आहेत. पहिल्या मिनिटाला ६,००० जण उरलेत आणि कार्डावर १ टक्का क्लिक आले, म्हणजे ६०. सातव्या मिनिटाला २,५०० उरलेत आणि २ टक्के आले, म्हणजे ५०. टक्केवारी दुप्पट, माणसं कमी. शेवटपर्यंत टिकणारे मुळातच उत्सुक असतात, त्यामुळे उशिराचं कार्ड नेहमी आहे त्यापेक्षा गुणी दिसतं.

एका व्हिडिओला पाच कार्डं टाकता येतात, पण एका वेळी एकच हलवा. कार्ड हलवायला व्हिडिओ पुन्हा चढवावा लागत नाही. व्हिडिओवरच एडिट करून टाकलेली अक्षरं मात्र बदलता येत नाहीत. तिथला धडा पुढच्या व्हिडिओला. आणि ५० व्ह्यूजवर काहीच ठरवू नका. तिथे एक माणूस म्हणजे २ टक्के.

प्रश्न : आमच्या क्लासच्या वेबसाइटवर स्वतःचा प्लेअर आहे. धड्याच्या मध्ये प्रश्नाची चौकट यावी असं केलंय, पण ती कधी येते, कधी नाही. (नांदेड)

उत्तर : कोडमध्ये ‘वेळ बरोबर ७२ सेकंद असेल तर दाखवा’ अशी अट असणार. ब्राउझर प्लेअरची वेळ सलग कळवत नाही. साधारण पाव सेकंदाच्या अंतराने कळवतो. ७१.९ नंतर थेट ७२.१५ येतं आणि ७२ हुकतं. अट ‘७२ किंवा जास्त आणि ८० पेक्षा कमी’ अशी करा. मुलांनी मागे-पुढे सरकवलं तरी चौकट योग्य जागी येईल आणि जाईल.

फुल स्क्रीन केल्यावर ती गायब होत असेल, तर तुम्ही फक्त व्हिडिओ मोठा करताय. व्हिडिओ आणि चौकट दोन्ही कोडमधल्या ज्या डब्यात (कंटेनरमध्ये) आहेत तो डबा मोठा करा. आयफोनवर कोडमधल्या व्हिडिओच्या टॅगमध्ये ‘playsinline’ (पानावरच चालव, ही सूचना) हवंच, नाहीतर व्हिडिओ फोनच्या स्वतःच्या प्लेअरमध्ये उघडतो आणि तिथे तुमचं काही चालत नाही. क्लासची मुलं दीडपट वेगाने बघतात हेही धरा : आठ सेकंदांची चौकट त्यांना सव्वापाच सेकंदच दिसते. प्रश्न असेल तर सरळ व्हिडिओ थांबवावा.

कुठे थांबवायचं हे ठरवायला व्हिडिओचे पाच-पाच सेकंदांचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकडा किती जणांनी पाहिला व किती वेळा पाहिला, हे दोन आकडे वेगळे नोंदवा. दुसरा पहिल्याच्या दुप्पट झाला की तिथे मुलं अडखळताहेत. प्रश्न त्या तुकड्यानंतर विचारा, त्यात नको.

प्रश्न : एंड स्क्रीन (व्हिडिओच्या शेवटी इतर व्हिडिओंच्या चौकटी दिसतात तो भाग) किती सेकंदांची ठेवावी? (पणजी)

उत्तर : यूट्यूब ५ ते २० सेकंद देतं, व्हिडिओ निदान २५ सेकंदांचा हवा. पूर्ण २० घ्या, पण ‘तर मंडळी, आजच्यापुरतं इतकंच’ हे वाक्य त्याच्या आधी येऊ देऊ नका. ते ऐकताच लोक उठतात, ग्राफचा शेवटचा कडा तिथलाच असतो. पोळीवर तूप सोडतानाचं दृश्य एका बाजूला ठेवा, दुसरी बाजू चौकटींसाठी मोकळी सोडा, आणि निरोप शेवटच्या तीन सेकंदांत घ्या.