ग्रीसला जा, पण हप्त्यावर नको

प्रश्न: आम्ही दोघं नोकरी करतो, ठाण्यात राहतो. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १,५५,००० रुपये. घराचा हप्ता ४२,०००, एसआयपी २५,०००, घरखर्च साधारण ५५,०००. बाकीचे कुठे जातात कळत नाही. बँकेत ४ लाखांची एफडी आहे. एप्रिलमध्ये कर वजा जाऊन २.४० लाख बोनस येईल. डिसेंबर २०२६ मध्ये लग्नाला दहा वर्षं होतील, म्हणून ग्रीसच्या एखाद्या बेटावर आठवडाभर जायचं आहे. एका ट्रॅव्हल कंपनीने ऑगस्टमधल्या सांतोरिनीच्या सात रात्रींचे दोघांचे ५.४० लाख सांगितले आहेत, कर वेगळे. १५ टक्के व्याजाने १२ हप्ते करून देतात. हप्ते घ्यावेत, एफडी मोडावी, की सहा महिने एसआयपी थांबवावी? मिस्टरांच्या कंपनीत नोकरकपातीची कुजबुज आहे.

उत्तर: तिन्ही नको. सहल मात्र करा.

आधी पॅकेजचा खरा आकडा काढू. ५.४० लाखांवर ५ टक्के जीएसटी म्हणजे २७,०००. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानेच आगाऊ गोळा केलेला आयकर, कापला जातो. १ एप्रिल २०२६ पासून तो २ टक्के, म्हणजे सुमारे ११,३००. टीसीएस बुडत नाही, रिटर्नमध्ये वळता होतो. पावतीवर पॅन मात्र ज्याचा आयकर जास्त भरला जातो त्याचाच टाका. ५.४० लाखांचा १५ टक्क्यांनी वर्षभराचा हप्ता येतो सुमारे ४८,७००, म्हणजे व्याजापोटी ४५,००० जास्त. व्हिसा, विमा, दुपारचं आणि रात्रीचं जेवण अशा पॅकेजमध्ये बहुधा नसतं. कोटेशनच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत ते लिहिलेलं असतं. ते धरलं की ५.४० लाखांची सहल सात लाखांच्या घरात जाते.

आता महिना बघा. घराचा आणि सहलीचा हप्ता मिळून ९०,७००, त्यात भर २५,००० एसआयपीची. उरले ३९,३००, आणि घरखर्च ५५,०००. म्हणजे हप्ते घेतलेत तर एसआयपी आपोआप बंद पडेल किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी वाढत जाईल. त्यात एक पगार थांबला तर सहल आठवणीत आणि हप्ता डोक्यावर.

एफडीचं कारणही तेवढंच सरळ आहे. तुमचा न टाळता येणारा खर्च महिन्याला जवळपास लाखभर, म्हणजे ४ लाख हे चार महिन्यांचं बळ. कुजबुज असताना सहा महिन्यांचं हवं. पुस्तकी नियमाने बोनस आधी तिकडे वळवायला हवा. इथे थोडी सूट देतो, कारण दोघांच्या नोकऱ्या वेगवेगळ्या कंपन्यांत असाव्यात असं धरतो आहे, आणि दहा वर्षांनी येणारा हा प्रसंग दरवर्षीचा खर्च नाही. अट एकच: २०२७ चा बोनस पूर्ण एफडीत. दोघं एकाच कंपनीत असाल तर ही सूट रद्द समजा.

पैसा उभा करायचा तो असा. मार्च ते सप्टेंबर सात महिने १८,००० रुपयांचं आवर्ती खातं, पगाराच्या दुसऱ्या दिवशी कापलं जाईल असं. ‘कुठे जातात कळत नाही’ ते ३३,००० इथे सापडतात, म्हणून एसआयपी थांबवायची गरजच नाही. सात महिन्यांचे १.२६ लाख आणि बोनसचे २.४० लाख मिळून ३.६६ लाख. हीच तुमची मर्यादा. सांतोरिनीत, ऑगस्टमध्ये, ज्वालामुखीच्या कड्यावरची खोली घेऊन ती पाळता येणार नाही. नाक्सोस या दुसऱ्या बेटावर सप्टेंबरअखेर पाळता येते.

सांतोरिनीत पैसे मोजायचे ते समुद्र दिसणाऱ्या गच्चीचे. फिरा गाव ते इआ गाव हा कड्यावरून जाणारा दहा-एक किलोमीटरचा चालायचा रस्ता तेच दृश्य फुकट दाखवतो. नाक्सोस सिक्लाडीझ बेटांतलं सर्वांत मोठं बेट. बंदरातून उतरलात की डावीकडे पोर्तारा, अपोलोच्या अर्धवट राहिलेल्या देवळाची संगमरवरी चौकट. आगिओस प्रोकोपिओस ते प्लाकापर्यंत वाळूचे किनारे, आत हाल्की आणि आपिरान्थोस ही डोंगरातली गावं, आणि १,००४ मीटरचा झास डोंगर. दोघांना सहा दिवस पुरून उरेल. सांतोरिनी बघायचीच असेल तर नाक्सोसहून बोटीने एक दिवस जाऊन या, खर्च राखीव रकमेतून.

तारखा? ऑगस्ट हा तिथला सर्वांत महाग महिना, आणि एजियन समुद्रावरचा मेल्तेमी वारा जुलै-ऑगस्टमध्येच जोरात असतो. तुमच्या लग्नाचा वाढदिवस डिसेंबरात, तेव्हा ऑगस्टची सक्ती कोणाचीच नाही. यंदा गणपती १४ सप्टेंबरला बसतात, अनंत चतुर्दशी २५ ला. २७ ला निघा, ५ ऑक्टोबरला परत या. पाणी तोवर पोहण्याजोगं असतं. ऑक्टोबर पुढे सरकला की बोटींच्या फेऱ्या कमी होतात, म्हणून याहून उशीर नको.

हिशेबाला युरो ११० रुपये धरला आहे, चढउतार त्यातच. मुंबई-अथेन्स जाऊन-येऊन दोघांचे १,१६,०००. व्हिसाचे माणशी ९० युरो, व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क आणि प्रवास विमा मिळून २८,०००. विम्यात वैद्यकीय संरक्षण किमान ३०,००० युरोंचं हवं, नाहीतर अर्ज घेत नाहीत. अथेन्सजवळचं पिरेअस बंदर ते नाक्सोस साधी मोठी बोट, पाच-साडेपाच तासांची, माणशी एका बाजूचे ५५ युरो धरून २४,२००. वेगवान बोट दीड-दोन तास वाचवते आणि बरेच जास्त घेते. शिवाय वाऱ्यात तीच आधी रद्द होते. राहणं: पहिली आणि शेवटची रात्र अथेन्सला ९५ युरोंची, मधल्या सहा नाक्सोसला ओटा-शेगडी असलेल्या स्टुडिओत ८० युरोंच्या, एकूण ७३,७००. जेवणखाण दिवसाला ५५ युरो, म्हणजे ४८,४००. मेट्रो, बस, दोन दिवसांची गाडी आणि पेट्रोल २२,०००. अक्रोपोलिसचं तिकीट माणशी ३० युरो. इतर किरकोळ धरून १३,२००.

राहिला एक खर्च, जो बुकिंगच्या रकमेत सहसा नसतो: हवामान संकट शुल्क. ते खोलीमागे, रात्रीमागे घेतात आणि चेक-इनच्या वेळी तिथेच भरावं लागतं. एप्रिल ते ऑक्टोबर एक-दोन तारांच्या हॉटेलला २ युरो, तीन तारांना ५, चार तारांना १०, पाच तारांना १५, आणि भाड्याने दिलेल्या खाजगी फ्लॅटला ८. पाच तारांच्या हॉटेलात सात रात्री म्हणजे १०५ युरो, साडेअकरा हजार, तेही खोलीचं भाडं सोडून. तुमच्या बेतात अथेन्सला तीन तारांच्या दोन रात्री आणि नाक्सोसच्या स्टुडिओच्या सहा, मिळून ५८ युरो, ६,४०० रुपये. सगळं मिळून ३.३२ लाख. वर दहा टक्के राखीव ठेवा, ३.६५ लाख. मर्यादेत बसतं, पण काठोकाठ, त्यामुळे मध्येच खोली ‘जरा बरी’ घेऊ नका.

पैसे कोणत्या क्रमाने खर्च करायचे यावर कुजबुजीचा धोका अवलंबून आहे. एप्रिलमध्ये फक्त रद्द करता येणाऱ्या खोल्या धरा. त्यांचे पैसे तेव्हा द्यावे लागत नाहीत. व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी जास्तीत जास्त सहा महिने करता येतो; जूनअखेर करा. तीन महिन्यांचं बँक विवरण, पगारपत्रकं, आयकर रिटर्न, रजामंजुरीचं पत्र, आणि परतीनंतर किमान तीन महिने वैध असलेला पासपोर्ट. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात अचानक लाख-दोन लाख जमा करू नका, व्हिसा अधिकाऱ्याला तेच आधी दिसतं. बोनस एप्रिलपासून त्याच खात्यात राहू दे. निर्णयाला साधारण १५ दिवस, कधी ४५ पर्यंत. तोवर विमानाचं तिकीट परतावा मिळणारंच. नोकरीचं काही वाईट घडलं तर या टप्प्यापर्यंत बुडतात फक्त व्हिसाचे पैसे आणि थोडं रद्दशुल्क. व्हिसा हातात आल्यावरच स्वस्त, परतावा नसलेली तिकिटं. आणि त्या दिवशी मिस्टरांना कंपनीतली हवा एकदा विचाराच; नोकरकपातीचं पत्र आलं असेल तर तिकिटं काढू नका, बोनस सरळ एफडीत.

परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी अथेन्सला पोहोचायचं, ही रात्र वाचवू नका. वारा आठ बोफर्टच्या (वाऱ्याचा जोर मोजायचं माप) घरात गेला की बंदर खातं बोटी थांबवतं. तिथले लोक त्याला ‘अपागोरेफ्तिको’ म्हणतात. बोटीचे पैसे परत मिळतात किंवा पुढची बोट मिळते, पण चुकलेल्या विमानाचे पैसे बोटवाला देत नाही. ९५ युरोंची रात्र ५०-६० हजारांच्या नव्या तिकिटांपेक्षा स्वस्त.

खर्च कशाने करायचा? साध्या क्रेडिट कार्डावर परकी चलनातल्या खर्चाला साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे बँकेचं जादा शुल्क, आणि त्यावर जीएसटी, एकूण ४.१३ टक्के. तिथे १,२०० युरो कार्डाने उडवले तर साडेपाच हजार फक्त यात जातात. युरो भरलेलं फॉरेक्स कार्ड घ्या, दोन-तीन वेळा थोडे थोडे भरा म्हणजे एकाच दिवसाच्या भावावर सगळं अवलंबून राहणार नाही, आणि गरजेच्या सत्तर टक्केच भरा, कारण उरलेले युरो परत विकताना भाव कमी मिळतो. कार्ड भरताना टीसीएस आर्थिक वर्षात १० लाखांवरच लागतो, तुमचा प्रश्न नाही. दुकानातलं मशीन ‘रुपयांत की युरोत’ विचारतं तेव्हा नेहमी युरो; रुपये म्हटलंत की भाव मशीनवाले ठरवतात. एटीएमचंही तेच, शिवाय तिथे दर वेळी शुल्क पडतं, म्हणून ४० युरो पाचदा काढण्यापेक्षा २०० एकदाच.

गाडी भाड्याने घ्यायची तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना इथूनच न्या, आरटीओत १,००० रुपये, वर्षभर चालतो. अनामत चालकाच्या नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवतात, फॉरेक्स कार्ड बहुतेक ठिकाणी चालत नाही. भाड्याच्या विम्यात टायर, काच आणि गाडीचं पोट सहसा नसतं, आणि कच्च्या रस्त्यावर नेलीत तर विमाच लागू होत नाही. म्हणून गाडी फक्त डोंगरातल्या गावांच्या दोन दिवसांसाठी. किनाऱ्यांना बस पुरते, तिकीट बंदरासमोरच्या बस कार्यालयातून आधीच काढा.

खानावळीत ५५ युरोंचा हिशेब मोडतो तो माशावर. मेनूत माशापुढे ७० युरो लिहिलेले असतात ते किलोचे, ताटाचे नव्हेत. मासा समोर तोलायला सांगा, वजन ऐका, मग हो म्हणा. पावाची टोपली न मागता येते आणि बिलात ‘कुवेर’ म्हणून लागते. शाकाहारी असाल तर ‘निस्तीसिमा’ हा शब्द लक्षात ठेवा: त्यांच्या उपवासाचे, मांस-दूध-अंडं नसलेले पदार्थ. मोठ्या घेवड्याचे यिगान्तेस, डाळीचा फावा, भाज्यांचं ब्रिआम ही पोटभरीची आणि मेनूतली बऱ्याचदा सर्वांत स्वस्त ताटं. शिंपले-कालवं मात्र त्या उपवासाला चालतात, तेवढं विचारून घ्या. बिल मागितल्यावर छापील पावती आलीच पाहिजे. पावती नसेल तर ग्राहकाने पैसे देणं बंधनकारक नाही, हे मेनूवरच छापलेलं असतं.

पॅकेजवाल्याला टोकन दिलं असेल तर रद्द करण्याच्या अटी आजच लेखी मागवा. परतावा बहुधा निघायच्या तारखेपर्यंत किती दिवस उरलेत त्यावर ठरतो.