दडा बसला म्हणजे मळच असतो असं नाही

पावसाळा लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो: कानातला मळ. गेल्या वर्षी याच प्रश्नांची उत्तरं दिली होती. यंदाही तेच प्रश्न आलेत, फक्त अक्षर वेगळं.

प्रश्न: कान किती दिवसांनी साफ करावेत?

करूच नयेत. आंघोळीनंतर टॉवेलचं टोक बोटाला गुंडाळून कानाचा बाहेरचा भाग पुसा, तेवढं पुरे.

प्रश्न: मी रोज कापसाची काडी वापरते. दरवेळी काडीला मळ लागतो. म्हणजे कान साफ होतोय ना?

काडीला लागतो तो थोडा, बाकीचा तुम्ही आत ढकलता. मळ तयार होतो तो कानाच्या नळीच्या बाहेरच्या एक तृतीयांश भागात. मोठ्या माणसाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर, तिच्या टोकाला पडदा. पडद्याशी मळाचा थर सापडला की बहुतेक वेळा तो कुणीतरी तिथवर नेऊन ठेवलेला असतो. नळीची त्वचा पडद्याकडून बाहेरच्या दिशेने हळूहळू सरकत असते आणि मळाला सोबत आणते. बोलताना, जेवताना जबडा हलतो त्याचाही हातभार लागतो. मळ म्हणजे घाण नव्हे. तो त्वचा कोरडी पडू देत नाही, जंतूंना आणि बुरशीला अटकाव करतो. तो रोज पुसून काढलात की कान खाजतो, खाजला की पुन्हा काडी.

मागे एका गृहस्थांच्या कानातून गोळा काढला. काळा, दगडासारखा, लहान शेंगदाण्याएवढा. ट्रेमध्ये फोडून दाखवला तर आत कापसाचे दोन पुंजके आणि काडेपेटीच्या काडीचं तुटकं टोक. ‘‘घरात कित्येक वर्षं काडेपेटी नाहीये हो, लायटर आहे,’’ ते म्हणाले, आणि मग गप्प बसले.

प्रश्न: बाळ अडीच महिन्यांचं आहे. मालिशवाल्या मावशी आणि सासूबाई दोघी म्हणतात, कानात कोमट खोबरेल घातलंच पाहिजे. घालू का?

नको. तेल अंगाला चोळा, कानात नको. ‘आमच्या सगळ्यांच्या कानात घातलं, काय झालं?’ हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा ऐकतो. ज्यांचं काही झालं नाही त्या माझ्याकडे कशाला येतील? तेलकट कानात धूळ चिकटते, पावसाळी दमट हवेत बुरशी धरते. दुर्बिणीतून पाहिलं तर भिजलेल्या वर्तमानपत्राचा बोळा कोंबल्यासारखी दिसते, वर काळे ठिपके. शिवाय ‘कोमट’ ठरवणार कोण? जन्मभर तव्यावरची पोळी हाताने उलटणाऱ्या बोटांना जे कोमट, ते बाळाच्या कानाला चटका देणारं असू शकतं. लसूण घालून कढवलेल्या तेलाबद्दल तर बोलायलाच नको. आंघोळीनंतर कानात फुंकर मारणंही बंद करा. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणा, वाईटपणा माझ्या माथी.

प्रश्न: मोबाइलला जोडायचं कॅमेऱ्याचं कानकोरणं मागवू का? कानात लावायच्या मेणबत्तीचीही जाहिरात पाहिली.

कॅमेऱ्याला एकच डोळा असतो, टोक पडद्यापासून किती लांब आहे ते स्क्रीनवर कळत नाही. त्यात कोपराला मुलाचा धक्का लागायचा अवकाश. मेणबत्ती ही शुद्ध फसवणूक आहे. ती काही शोषून घेत नाही. जळून झाल्यावर तळाशी जो पिवळट चुरा कौतुकाने दाखवतात, तो मेणबत्तीचाच असतो. कानात न लावता जाळली तरी तसाच निघतो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१० मध्ये या मेणबत्त्यांविरुद्ध इशारा दिला. इकडे त्या अजून विकल्या जातात.

प्रश्न: आई ५६ वर्षांची. चार दिवसांपूर्वी सकाळी उठली तर उजव्या कानाने ऐकू येईना, आत शिट्टी वाजल्यासारखं होतं. दुखत नाही. मेडिकलवाल्याने मळ विरघळवायचे थेंब दिलेत. आठ दिवस घालून मग दाखवू का?

नाही! या ताईंना उत्तर छापून येण्याची वाट न बघता त्याच दिवशी कळवलं, की आजच जा.

आता बाकीच्यांसाठी. एका कानाचं ऐकणं एकाएकी गेलं तर मळ निघेलही, पण तो नाहीच असं समजून धावायचं. आतल्या कानाचं किंवा नसेचं काम तीन दिवसांच्या आत, कधी एका रात्रीत, ढासळू शकतं. बहुतेकांत कारण सापडत नाही. उपचार म्हणजे मुख्यतः स्टिरॉइड, आणि ते पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर आशा जास्त. दोन आठवडे उलटले की फायदा घटत जातो. स्टिरॉइडने साखर वाढते, तेव्हा मधुमेह असेल तर आधी सांगा, आणि गोळ्या मनाने घेऊ नका.

आम्ही ट्यूनिंग फोर्क, म्हणजे ठोकला की घुमणारा धातूचा चिमटा, वाजवून कपाळावर टेकवतो. मळ असेल तर आवाज बंद कानात मोठा येतो, नस दुखावली असेल तर चांगल्या कानात. तोंड मिटून ‘म्ऽऽ’ केलंत तरी साधारण तोच प्रकार. पण त्यावरून घरी निकाल लावू नका, ऑडिओमेट्री, म्हणजे यंत्रावरची ऐकण्याची तपासणी, लागतेच. माझ्याकडे एक शिक्षिका पाच आठवड्यांनी आल्या. पर्समध्ये थेंबांच्या दोन रिकाम्या बाटल्या, कान आरशासारखा स्वच्छ. उपचाराची वेळ निघून गेलीय, हे मला त्यांना कसंबसं सांगता आलं. आणि मळच निघाला तर? दहा मिनिटांत काढून घरी पाठवतील, कुणी हसणार नाही.

प्रश्न: थेंब घातल्यावर कान आणखीच बंद झाला.

मळ फुगतो. डॉक्टरांनी सांगितले तेवढेच दिवस घाला आणि मग काढून घ्या, अर्ध्यावर सोडू नका. कान वाहत असेल, पडद्याला भोक असेल, कानाचं ऑपरेशन झालं असेल तर विचारल्याशिवाय थेंबही नकोत. घरी पिचकारी मारू नका. पाणी अंगाच्या तापमानाचं, म्हणजे ३७ अंशांच्या आसपास नसेल तर गरगरून पडाल.

प्रश्न: रात्री शेतावर कानात किडा गेला तर?

पडदा शाबूत असेल तर साधं, न तापवलेलं खोबरेल दोन-चार थेंब. किडा मरतो, फडफड थांबते. तो काढायला सकाळी डॉक्टरांकडे जा, पिनेने कोरू नका. (होय, तेलाला परवानगी आहे ती एवढीच.) मुलाने हरभरा घातला असेल तर पाणी किंवा थेंब नकोत, तो फुगतो. घड्याळाचा बटन सेल असेल तर काहीही न घालता त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.

प्रश्न: बाबांचं कानाचं मशीन शिट्टी मारतं. दुरुस्तीला टाकू?

आधी बाबांचा कान दाखवा. मशीन नंतर.