वाचकांचे प्रश्न : छायाचित्राला कला कधी मानलं गेलं?

गेल्या अंकातल्या फोटो-प्रदर्शनांवरच्या लेखानंतर बरीच पत्रं आली. त्यातले काही प्रश्न आणि आमच्या जाणकारांनी दिलेली उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : कॅमेरा १८३९ पासून आहे. मग फोटोग्राफीला कला म्हणून मान्यता नेमकी कोणत्या साली मिळाली? (एक वाचक, पुणे)

एकच साल सांगता येणार नाही, कारण मान्यता देणारे अनेक होते : समीक्षक, कोर्ट, संग्रहालयं, लिलावाचा बाजार. यात सगळ्यांत आधी पाऊल उचललं ते कोर्टानं, आणि तेही कलेच्या प्रेमापोटी नाही.

फोटो लोकांसमोर आला तो शास्त्रीय शोध म्हणून. ७ जानेवारी १८३९ रोजी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत आरागो या खगोलशास्त्रज्ञानं दागेरच्या, म्हणजे धातूच्या पत्र्यावर फोटो उमटवण्याच्या, शोधाची घोषणा केली. पुढे १८५९ साली पॅरिसच्या सरकारी चित्रप्रदर्शनाच्या, म्हणजे सलोंच्या इमारतीत फोटोंना जागा मिळाली. पण दालन वेगळं आणि आत शिरायचं दारही वेगळं. त्याच वर्षी कवी बोदलेरनं बजावलं की फोटोग्राफीनं शास्त्रांची आणि कलांची दासी म्हणून राहावं, त्यापलीकडे जाऊ नये.

मग आला नकलेचा खटला. मेयर आणि पिएर्सों या पॅरिसच्या स्टुडिओनं विकायला काढलेल्या काव्हूर या इटालियन नेत्याच्या फोटोची नक्कल करून दुसऱ्यांनी ती बाजारात आणली. १७९३ चा फ्रेंच कायदा फक्त कलाकृतींना संरक्षण देत होता. त्यामुळे दाद मागायची तर फोटो ही कलाकृती आहे, हे आधी सिद्ध करणं भाग होतं. खालच्या कोर्टानं दावा फेटाळला. अपिलात एप्रिल १८६२ मध्ये निकाल स्टुडिओच्या बाजूनं लागला. अँग्रसारख्या नामवंत चित्रकारांनी सह्या करून निषेध केला, पण निकाल टिकला. अमेरिकेतही तसंच घडलं. नेपोलियन सरोनीनं काढलेल्या ऑस्कर वाइल्डच्या फोटोच्या ८५,००० प्रती एका लिथोग्राफ कंपनीनं परवानगीशिवाय छापल्या. १८८४ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बसण्याची ढब, कपडे, पडदे, उजेड-सावलीची मांडणी हे सगळं फोटोग्राफरच्या डोक्यातून आलं आहे, म्हणून या चित्राचा कर्ता तोच. फोटो सुंदर आहे की नाही, याच्याशी कोर्टाला देणंघेणं नव्हतं. तरीही ‘यंत्रानं काढलेल्या चित्राला कर्ता कुठला?’ या आक्षेपाचं उत्तर त्या निकालात आलं.

संग्रहालयांनी वेळ घेतला. लंडनचं साउथ केन्सिंग्टन म्युझियम १८५० च्या दशकापासून फोटो जमवत होतं. पण त्यातले बरेचसे इमारती आणि कलावस्तूंचे, विद्यार्थ्यांना नमुने म्हणून दाखवायचे. त्याच म्युझियमनं १८६५ मध्ये ज्युलिया मार्गारेट कॅमरन या कलकत्त्यात जन्मलेल्या बाईंचे फोटो विकत घेतले, ही मोठी गोष्ट. फोटोग्राफीसाठी स्वतंत्र विभाग, त्याला स्वतःचा क्युरेटर, हे मात्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं १९४० साली केलं. एक साल हवंच असेल तर आम्ही हे धरू.

प्रश्न : त्या काळचे ‘कलात्मक’ फोटो इतके धूसर आणि चित्रासारखे का दिसतात? तंत्र कमी पडत होतं का? (एक वाचक, कोल्हापूर)

काही ठिकाणी तंत्र कमी पडत होतं; धूसरपणा मात्र मुद्दाम आणलेला होता.

आधी तंत्राचं. त्या काळी फोटो ओल्या कलोडियनचा (चिकट रासायनिक द्रावणाचा) लेप दिलेल्या काचेवर घेत. ही काच निळ्या उजेडाला फार संवेदनशील आणि लाल-पिवळ्याला जवळपास आंधळी. जमिनीचा तपशील येईल इतका वेळ काच उघडी ठेवली की आकाश करपून कोरं पांढरं व्हायचं. म्हणून गुस्ताव्ह ल ग्रेनं १८५६-५७ च्या सुमारास समुद्र एका काचेवर आणि ढग दुसऱ्या काचेवर घेऊन दोन्ही एका कागदावर छापले. यात फसगत ठरलेली : ढगांवरचा उजेड डावीकडून आणि लाटांवरचा उजवीकडून आला, की जोड क्षितिजावर उघडा पडतो. रेलँडरनं १८५७ मध्ये तीसहून जास्त निगेटिव्ह जोडून एक भव्य नैतिक प्रसंग उभा केला. त्याची प्रत राणी व्हिक्टोरियानं विकत घेतली. हेन्री पीच रॉबिन्सननं १८५८ मध्ये पाच निगेटिव्हमधून मरणासन्न मुलीचा प्रसंग घडवला.

धूसरपणाचं कारण निराळं. १८८८ मध्ये कोडॅक आला, बटण दाबून कुणीही फोटो काढू लागलं. मग गंभीर फोटोग्राफरांना आपला हात दाखवणं गरजेचं वाटलं : मऊ लेन्स, प्लॅटिनमचा मॅट कागद, ब्रशनं घासलेली गम प्रिंट (रंग मिसळलेल्या डिंकानं केलेली छपाई). या पिक्टोरियल पंथाला पुढे चित्रांची नक्कल म्हणून नावं ठेवली गेली. आम्हाला ती टीका अर्धवट वाटते. प्रिंट ही घडवलेली वस्तू आहे, तिचा कागद, रंगछटा, पोत ठरवावा लागतो, हे भान याच लोकांनी दिलं.

प्रश्न : गम प्रिंट घरी करता येईल का? प्रमाण आणि कृती द्यावी. (कलाशाखेची विद्यार्थिनी, नाशिक)

येईल, पण धोका आधी समजून घ्या. यातलं पोटॅशियम डायक्रोमेट विषारी आणि कर्करोगकारक आहे. हातमोजे, चष्मा, मास्क हवेत. पूड उडू द्यायची नाही. स्वयंपाकघरातलं भांडं वापरायचं नाही. शक्यतो कॉलेजच्या प्रयोगशाळेत करा, म्हणजे उरलेलं द्रावण मोरीत न ओतता तिथल्या रासायनिक कचऱ्यात देता येईल.

तत्त्व सोपं आहे. डिंकात डायक्रोमेट मिसळून वाळवलं की ऊन लागलेला भाग कडक होतो आणि पाण्यात विरघळत नाही. डिंकात रंग असला की तोही तिथेच अडकतो.

३०० जीएसएमचा जलरंगाचा कागद घ्या. गरम पाण्यात अर्धा तास भिजवून वाळवा, म्हणजे जो आकसायचा तो आधीच आकसेल. मग लिटरभर कोमट पाण्यात ३० ग्रॅम जिलेटिन विरघळवून त्याचा हात द्या आणि क्रोम अॅलमनं तो थर पक्का करा. डिंकासाठी १०० मिली पाण्यात ३५ ग्रॅम अरबी डिंक रात्रभर भिजवून फडक्यातून गाळा. लाडवाच्या डिंकाची प्रत सारखी नसते, म्हणून चित्रसाहित्याच्या दुकानातला आणावा. दुसऱ्या बाटलीत १०० मिली पाण्यात १० ग्रॅम डायक्रोमेट. दोन्ही द्रावणं समप्रमाणात घ्या आणि दर १० मिली मिश्रणाला साधारण १ ग्रॅम ट्यूबमधला जलरंग घाला.

मंद पिवळ्या दिव्याखाली रुंद ब्रशनं पातळ थर द्या. ब्रशच्या खुणा दिसेनाशा होईपर्यंत आडवा-उभा हलका हात फिरवा आणि अंधारात वाळवा. निगेटिव्ह प्रिंटच्याच मापाचं लागतं, कारण ते कागदाला चिकटवूनच उन्हात धरायचं असतं. इंकजेटच्या पारदर्शक फिल्मवर काढलेलं चालतं. वर काच दाबा. दुपारच्या उन्हात १, २, ४, ८ मिनिटांची चाचणीपट्टी आधी घ्या. मग कागद साध्या पाण्यात पालथा तरंगत ठेवा, अर्ध्या तासात दोन-तीनदा पाणी बदला. या वेळी कागद चोळू नका. नको असलेला रंग आपोआप खाली उतरतो. ओल्या थरावर मऊ ब्रश फिरवून एखादी जागा उजळवता येते, आणि जुन्या मंडळींचा ‘हात’ तो हाच. शेवटी डायक्रोमेटचा पिवळा डाग काढायला १ टक्का पोटॅशियम मेटाबायसल्फाइटमध्ये (सरबत टिकवायला घालतात ते केएमएस) पाचेक मिनिटं ठेवून धुवा.

सगळं चित्र पाण्यात वाहून गेलं, तर ऊन कमी पडलं किंवा थर जाड झाला : वरचा पापुद्रा कडक होतो, पण उजेड तळापर्यंत पोचत नाही आणि पापुद्रा सुटतो. काहीच सुटलं नाही, तर ऊन जास्त झालं. पांढऱ्या भागावर रंगाची झाक राहिली, तर जिलेटिन अपुरं पडलं किंवा रंग जास्त झाला. पावसाळ्यात तिसरंही कारण असतं : थर दिलेला कागद दमट हवेत रात्रभर राहिला, तर अंधारातही कडक होतो. म्हणून थर द्याल त्याच दिवशी छापा. एका थरात गडद आणि फिक्या छटा दोन्ही येत नाहीत. तीन थर तीन वेगळ्या वेळांचे द्यावे लागतात, आणि प्रत्येक वेळी निगेटिव्ह बरोबर त्याच जागी बसवायला कोपऱ्यांवर खुणा हव्यात.

प्रश्न : आल्फ्रेड स्टिगलिट्झचं नाव सगळीकडे येतं. त्यानं नेमकं काय केलं? (एक वाचक, बेळगाव)

या अमेरिकन फोटोग्राफरनं वाद घालण्यापेक्षा जागा निर्माण केल्या. १९०२ मध्ये फोटो-सेसेशन हा गट काढला. १९०३ ते १९१७ या काळात ‘कॅमेरा वर्क’ या त्रैमासिकाचे ५० अंक काढले. त्यातल्या अनेक चित्रांच्या ग्रॅव्ह्युअर (तांब्याच्या पत्र्यावरून शाईनं छापलेल्या) प्रती पातळ जपानी कागदावर छापून हातानं चिकटवलेल्या असत. १९०५ मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर २९१ क्रमांकाच्या इमारतीत छोटी गॅलरी उघडली. १९०८ पासून तिथे रोदँची रेखाटनं, मातिस, पुढे पिकासो लागले. ज्या भिंतीवर फोटो लागत, त्याच भिंतीवर ही चित्रं. एका दाराआड दोन्ही. १८५९ च्या वेगळ्या दाराला दिलेलं यापेक्षा नेमकं उत्तर आम्हाला माहीत नाही.

मोठेपणा असा की, धूसर शैली संपत आल्याचं त्यानं स्वतःच ओळखलं. ‘कॅमेरा वर्क’चा शेवटचा जोडअंक पॉल स्ट्रँडच्या कडक, थेट फोटोंना दिला, तेव्हा वर्गणीदार चाळीसच्या आत उरले होते. १९२४ मध्ये बोस्टनच्या ललितकला संग्रहालयानं त्याचे २७ फोटो संग्रहात घेतले. त्यामागे होते तिथले भारतीय कलेचे क्युरेटर आनंद कुमारस्वामी. भारतीय शिल्पावर अधिकारानं लिहिणाऱ्या या माणसाला कॅमेऱ्याचंही मोल कळत होतं. १९३२ मध्ये वेस्टन, अॅडम्स, कनिंगहॅम यांच्या एफ/६४ गटानं तर लेन्सच्या बारीक छिद्राचंच नाव घेतलं : पुढच्या दगडापासून मागच्या डोंगरापर्यंत सगळं धारदार, प्रिंट चकचकीत कागदावर, ब्रश बंद.

प्रश्न : आणि रंगीत फोटो? आपल्याकडे मुंबईत काय चाललं होतं? (एक वाचक, ठाणे)

रंगीत फोटोला अडवलं ते जाहिरातींशी जोडलेल्या नावानं आणि उडणाऱ्या रंगांनी. १९७६ मध्ये म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं विल्यम एगल्स्टनचे रोजच्या साध्या वस्तूंचे फोटो लावले, तेव्हा समीक्षकांनी झोडपलं. ते तिथलं पहिलं रंगीत प्रदर्शन नव्हतं, अर्न्स्ट हासचं १९६२ मध्ये झालं होतं. पण वळण एगल्स्टनच्या वेळी आलं. त्याच्या डाय-ट्रान्सफर प्रिंट तीन वेगळ्या रंगांचे ठसे एकावर एक देऊन बनत.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये सुरू झाली, लंडनच्या सोसायटीनंतर अवघ्या वर्षानं. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग निघाला. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या सोसायटीतले जाणते फोटोग्राफर. भर मात्र लेणी, वास्तू आणि जातीजमातींच्या नोंदीवर होता.

प्रश्न : जुन्या बाजारात एक जुनं चित्र मिळालं. तो खरा फोटो की छापील? (एक वाचक, पणजी)

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. नियमित ठिपक्यांची जाळी दिसली, तर पुस्तका-मासिकातली साधी छपाई. अनियमित बारीक कण आणि चित्राभोवती तांब्याच्या पत्र्याचा दबलेला चौकोन असेल, तर ग्रॅव्ह्युअर. कागदाचे तंतू दिसतात, पांढरे भाग पिवळसर आणि छटा जांभळट तपकिरी, कागद पातळ आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेला असेल, तर बहुधा एकोणिसाव्या शतकातली अल्ब्युमेन (अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या कागदावरची) प्रिंट. तंतू दिसत नाहीत आणि तिरपं धरल्यावर कडेच्या काळ्या भागावर निळसर चांदी चमकते, तर जिलेटिन सिल्व्हर, म्हणजे जिलेटिनच्या थरात चांदीच्या कणांनी बनलेला फोटो. अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारा : कागद निळा-पांढरा उजळला, तर तो साधारण १९५० नंतरचा, मागे तारीख काहीही लिहिलेली असो.

प्रश्न : माझे फोटो गॅलरीत द्यायचे आहेत. तयारी काय करू? (एक वाचक, रत्नागिरी)

६००० × ४००० पिक्सेलची फाइल ३०० डीपीआयला २० × १३.३ इंच छापली जाते. त्याहून फार मोठं करायचं तर आधी एक तुकडा पूर्ण मापात छापून पाहा. १०० टक्के कापसाचा कागद आणि पिगमेंट शाई मागा. प्रतींची संख्या आधी ठरवा, पेन्सिलनं मागे ३/१० (दहापैकी तिसरी प्रत) असं लिहून सही करा, आणि ठरलेल्या मापात अकरावी प्रत कधीही काढू नका. प्रिंट सेलोटेपनं चिकटवू नका. जपानी कागदाच्या पट्ट्या आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरा, म्हणजे पुढे पाण्यानं सोडवता येते. पासपार्टूचा, म्हणजे प्रिंटभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीचा, बोर्ड आम्लमुक्त घ्या. तो काच आणि प्रिंटमध्ये फट ठेवतो, आणि कोकणच्या हवेत ती फट नसेल तर प्रिंट काचेला चिकटते, बुरशी धरते. फ्रेम बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नका. टांगावीच लागली, तर मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा.